बंद शाळांच्या सभागृहांत नेमबाजीसाठी जागा मिळावी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आम्ही चार निवृत्त मित्र रोज सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बाजूने फिरायला जातो. मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले, एक मित्र टपाल खात्यात होता, एक वीज मंडळात आणि एकाचे महाल भागात कापडाचे दुकान होते, जे आता मुलगा सांभाळतो. गेल्या महिन्यात टपाल खात्यातल्या मित्राने फिरता फिरता घरातली एक अडचण सांगितली. त्याची नात नववीत असून शाळेच्या एनसीसीत आहे. शिबिरात तिने पॉइंट टू टू (.२२ बोअरच्या, दारूची गोळी झाडणाऱ्या) रायफलने पाच गोळ्या झाडल्या आणि घरी आल्यापासून तिने नेमबाजी शिकण्याचा एकच ध्यास घेतला आहे. तिच्या आईवडिलांनी साफ नकार दिला होता आणि आजोबांचाही जीव धास्तावला होता. ‘‘बंदुका असतात तिथे पोरीला पाठवायचं म्हणजे बाप्पा, जिवाला घोरच नं!’’ हे त्याचे शब्द. त्यावर आम्ही असे ठरवले की पोरीला हो किंवा नाही म्हणण्याआधी आपण चौघांनी ती जागा स्वतः पाहून यावी. त्या एका सकाळी जे दिसले आणि त्यावरून आमच्या शहरासाठी जे सुचले, ते वाचकांपुढे आणि महापालिकेपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आम्ही गेलो ते केंद्र एका साध्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवली ती शांतता. बंदुकीची जागा म्हणून कानठळ्या बसतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात एअर रायफलचा आवाज टाळीपेक्षा फारसा मोठा नसतो, कारण तिच्यात दारू नसते, सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर छर्रा सुटतो. सहा मुले एका ओळीत उभी होती, प्रत्येकाच्या समोर बरोबर १० मीटरवर एक कागदी कार्ड होते आणि कुणीही कुणाशी बोलत नव्हते. मी आयुष्यभर वर्गात शांतता मागितली आहे, पण इतकी स्वखुशीची शांतता मी शाळेत क्वचितच पाहिली.

प्रशिक्षकांनी पहिली वीस मिनिटे आम्हाला रायफलला हातच लावू दिला नाही. रायफल भरलेली असो वा रिकामी, नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेनेच राहील; नेम धरेपर्यंत बोट चापावर जाणार नाही; रायफल खाली ठेवली की नळीतून रंगीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण, घातलेला दिसलाच पाहिजे; ‘स्टॉप’ म्हटले की नेम लागत आला असला तरी थांबायचे; आणि ओळीतल्या सर्वांच्या रायफली रिकाम्या झाल्याखेरीज रेषेच्या पुढे कुणीही पाऊल टाकायचे नाही. हे नियम त्यांनी आम्हा साठी उलटलेल्या माणसांकडून शाळकरी मुलांसारखे एकेक करून म्हणवून घेतले आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. त्यांनी एका रायफलचा सिलिंडर काढून त्यावर कोरलेली उत्पादनाची तारीख दाखवली. दहा वर्षे झाली की तो सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, मग तो दिसायला कितीही चांगला असो. ज्या वस्तूच्या आत दोनशे बारचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशे पट दाब असतो तिच्याशी असेच वागायला हवे, एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर डोळ्यांची परीक्षा झाली. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांच्या मध्ये एक लहानशी फट ठेवायची, त्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ पाहायचे आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ जागेवर दिसते तो आपला मुख्य डोळा. कापडवाल्या मित्राला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळले की तो लिहितो, जेवतो, कापड फाडतो ते सगळे उजव्या हाताने, पण त्याचा मुख्य डोळा डावा आहे. तो बराच वेळ फट धरून उभाच होता.

आता त्या कार्डाविषयी सांगतो, कारण हा खेळ काय आहे ते त्या कार्डावरूनच समजते. एअर रायफलच्या कार्डावरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित मोठा. त्याच्या मध्यभागी जो दहा गुणांचा ठिपका असतो त्याचा व्यास फक्त अर्धा मिलिमीटर असतो. खसखशीचा दाणासुद्धा त्याहून मोठा भरेल. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा. तो ठिपक्यापेक्षा नऊपट रुंद असल्यामुळे त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. पण स्पर्धेत तेवढ्याने भागत नाही, कारण रायफलमध्ये गुण दशांशात मोजतात आणि अगदी मधोमध लागलेल्या छर्ऱ्याला १०.९ मिळतात. साठ छर्ऱ्यांचे सर्वाधिक गुण ६५४ होतात. कार्ड हातात घेतल्यावर वीज मंडळातला मित्र उद्गारला, ‘‘अरे, हा ठिपका तं चष्मा लावूनही दिसून नाही राहिला बे!’’ मुळात तो ठिपका नेमबाजालाही रेषेवरून दिसत नाही. मागच्या बारीक भोकातून पुढच्या कड्यात तो काळा गोल बरोबर मधोमध बसवायचा आणि डोळ्याला न दिसणाऱ्या ठिपक्याला छर्रा लावायचा, हे नेमबाजाचे काम.

आम्हाला रायफल टेकवायला स्टँड दिला होता, कारण तिचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. पहिल्या पाच छर्ऱ्यांपैकी माझे चार खाली डावीकडे पडले. मी निराश झालो, परंतु प्रशिक्षक म्हणाले, ‘‘सर, हे चांगलं आहे. आधी छर्रे एका ठिकाणी पडू द्या, मग ते ठिकाण आपण मध्ये आणू.’’ मी हे वाक्य वहीत लिहून घेतले. चूक एकाच प्रकारची होत असेल तर ती दुरुस्त करता येते. रोज वेगळी होत असेल तर आधी माणूस स्थिर व्हावा लागतो. गणिताच्या कच्च्या विद्यार्थ्यांबाबत मी हेच सांगत आलो, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आले नव्हते. दहाव्या छर्ऱ्याच्या सुमारास मला स्वतःच्या नाडीचा ठोका पुढच्या कड्यात दिसू लागला. प्रत्येक ठोक्याला काळा गोल सूतभर हलायचा. श्वास अर्धा सोडून थांबायचे, चापावरचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसेच राहायचे. दीड तास कसा गेला ते आम्हाला कळले नाही. बाहेर पडताना दाराशी बेसिन आणि साबण होता आणि वर पाटी होती की हात धुतल्याशिवाय काहीही खाऊ नये, कारण छर्रे शिशाचे असतात.

त्या पाटीमुळे मला दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवला आणि तो इथे सांगणे मला आवश्यक वाटते. शहराबाहेरच्या एका करमणूक केंद्रात आम्ही नातेवाइकांसह गेलो होतो. तिथे पैसे भरून एअरगनने डबे पाडण्याचा खेळ होता. डोळ्यांना चष्मा नव्हता, नियमांचा फलक नव्हता आणि देखरेखीचा मुलगा मोबाइल पाहत होता. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने छायाचित्रासाठी भरलेली बंदूक सरळ वडिलांच्या तोंडासमोर धरली आणि वडील हसत उभे राहिले. मी ओरडलो तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच रागाने पाहिले. नंतर तीच मुले त्याच हातांनी समोसे खात होती. आपण सगळे रामटेकच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेत फुगे फोडत मोठे झालो, त्यामुळे एअरगन म्हणजे खेळणे ही समजूत आपल्या मनात खोल रुजली आहे; परंतु एअरगनचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. मित्राच्या सुनेला वाटणारी भीती म्हणूनच चुकीची नाही. ती भीती अशा जागांविषयी असावी आणि पोलीस व महापालिका या दोघांनीही अशा खेळांना चष्मा, नियमांचा फलक आणि प्रशिक्षित माणूस सक्तीचा करावा. जिथे शिस्त शिकवली जाते त्या केंद्रात मात्र मूल रस्त्यावरच्यापेक्षा अधिक सुरक्षित असते, हे मी पाहून आलो आहे.

त्या सकाळी मुलांच्या ओळीत सर्वांत शेवटी साधारण सोळा वर्षांची एक मुलगी उभी होती. तिच्या अंगातले जाडजूड जाकीट तिला दोन मापे मोठे होते आणि त्याच्या बाह्या तिने आत दुमडून शिवल्या होत्या. ती पूर्व नागपुरातून दोन बस बदलून येते. तिचे वडील ई-रिक्षा चालवतात. रायफल केंद्राची आहे, ती दोघींत वाटून वापरली जाते, आणि जाकीट एका मोठ्या खेळाडूने सोडून दिलेले आहे. विश्रांतीच्या वेळी ती छर्ऱ्यांच्या डबीतले छर्रे मोजून वेगळे काढत होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘काका, आज चाळीसच मारीन, म्हणजे डबी महिनाअखेरपर्यंत पुरेल.’’ डबीत पाचशे छर्रे असतात. स्पर्धेप्रमाणे रोज साठ मारले तर ती आठ दिवसांत संपते. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी रायफल दोन लाख रुपयांच्या पुढे जाते, जाकीट, पँट, बूट आणि हातमोजा यांचा खर्च आणखी वेगळा. खेळाच्या ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, म्हणजे कायद्याने हे दार सर्वांना उघडे आहे. पैशाने ते बहुतेकांना बंद आहे. घरी आल्यावरही त्या दुमडलेल्या बाह्या माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

आपल्या राज्याला या खेळाने काय दिले आहे ते वाचकांना ठाऊकच आहे. एनसीसीतून या खेळाकडे वळलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या, सुमा शिरूर २००४ साली अथेन्समध्ये. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या आणि कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने अशा तीन स्थितींत) कांस्यपदक घेतले, तेव्हा खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीमधील पदकानंतर प्रथमच महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की कुसळे घडले ते राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि नंतर त्यांना मध्य रेल्वेची नोकरी मिळाली. अभिनव बिंद्रा यांच्या २००८ च्या बीजिंगमधील सुवर्णपदकाचा अभिमान प्रत्येक भारतीयाला आहे, परंतु त्यांना घरीच स्वतःची रेंज होती. गावाकडच्या शिक्षकाचा मुलगा पदकापर्यंत पोहोचला तो सार्वजनिक व्यवस्थेच्या आधाराने, आणि नागपूरच्या रिक्षाचालकाच्या मुलीलाही तसाच आधार लागणार आहे.

नेम धरणारे मन या शहरात नाही असे कुणी म्हणू नये. आमच्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये १५० पैकी १५० गुण मिळवून कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) तिरंदाजीचा विश्वविजेता झाला आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके जिंकली. मात्र तो घडवणारा सराव त्याला साताऱ्यात राहून करावा लागला. दर वेळी आपल्या मुलांनी घर सोडूनच मोठे व्हावे का, हा प्रश्न मला एक नागपूरकर म्हणून टोचतो.

आता मुद्द्याचे. मैदानी खेळांसाठी एकर लागतात, पण दहा मीटर नेमबाजीला एक लांब खोली पुरते. नेमबाजाला उभे राहायला आणि मागे पंचाला वावरायला जागा धरली तरी पंधरा-सोळा मीटर लांबीत सगळे बसते. एका नेमबाजाला रुंदीत एक मीटर लागतो, म्हणजे आठ मीटर रुंदीच्या सभागृहात दोन्ही भिंतींशी थोडी जागा सोडून सहा ते सात जण एका वेळी सराव करू शकतात. लक्ष्याची उंची जमिनीपासून १.४ मीटर, कार्डावर किमान १५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड, कार्डामागे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, तिच्यामागे आणि बाजूंना जाड प्लायवूड, आणि रेषेच्या पुढे उघडणारे एकही दार किंवा खिडकी नाही, एवढ्या गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात. पॉइंट टू टू किंवा त्याहून मोठ्या बंदुकीची गोष्ट निराळी. तिला परवाने, कानांचे संरक्षण आणि शिशाचा धूर बाहेर काढणारी भक्कम वायुवीजन व्यवस्था लागते, म्हणून तिचा विचार इथे करू नये.

पटसंख्या घटल्यामुळे बंद पडलेल्या महापालिकेच्या मराठी शाळांच्या इमारती नागपूरच्या जुन्या वस्त्यांत उभ्या आहेत. एक शिक्षक म्हणून त्या कुलपांकडे पाहताना मला काय वाटते ते लिहीत बसत नाही. शाळा पुन्हा भरल्या तर माझ्याइतका आनंद कुणालाच होणार नाही. पण तोवर त्यांची सभागृहे जुनी बाके आणि निवडणुकीचे सामान ठेवण्यासाठी पडून राहण्यापेक्षा, निदान प्रत्येक झोनमधल्या एका सभागृहात दहा मीटरची रेंज व्हावी, अशी माझी मागणी आहे. तिथे पाच-सहा रायफली, दोन-तीन पिस्तुले आणि वेगवेगळ्या मापांची जाकिटे केंद्राच्या मालकीची असावीत, मुलांना ती ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी वापरायला मिळावीत आणि छर्रे सवलतीच्या दरात किंवा महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना मोफत मिळावेत. साहित्य कुलूपबंद कपाटात राहावे आणि प्रत्येक छर्ऱ्याची नोंद वहीत व्हावी. यात भ्रष्टाचार होईल अशी शंका कुणी घेईल, तर पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्याध्यापकांना हा हिशेब जड नाही.

शिस्त लावणारी माणसे आपल्याकडे आहेत. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे, एनसीसीची अधिकारी प्रशिक्षण अकादमीही तिथेच आहे, आणि शस्त्र हाताळण्यात आयुष्य गेलेले कित्येक निवृत्त जवान नागपूर आणि परिसरात राहतात. खेळाचे तंत्र शिकवायला प्रशिक्षित प्रशिक्षक हवाच. पण रेषेवर उभे राहून ‘स्टॉप’ म्हणणारा आणि तो शब्द पाळायला लावणारा माणूस आपल्याला शोधत फिरावे लागणार नाही.

आणखी दोन गोष्टी नागपूरच्या म्हणून सांगायच्या आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा मैदाने सकाळी नऊनंतर ओस पडतात आणि सुटीतली मुले घरात मोबाइल घेऊन बसतात. हा खेळ मात्र भर उन्हाळ्यातही खेळता येतो. जाड कॅनव्हासच्या जाकिटात उकडते हे खरे. आम्ही गेलो त्या केंद्रात कूलर मुलांच्या पाठीशी तिरका ठेवला होता, कारण समोरून वारा आला तर कार्डे हलतात. दुसरी गोष्ट अपंग मुलांची. अवनी लेखरा हिने टोकियो आणि पॅरिस अशा सलग दोन पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक चाकाच्या खुर्चीत बसून मिळवले. सभागृह तळमजल्यावर निवडले, दाराशी उतार केला आणि एका जागेची रुंदी थोडी वाढवली, तर आपल्या शहरातली अशी मुले इतरांच्या शेजारी, त्याच ओळीत सराव करतील. फार थोडे खेळ हे देऊ शकतात.

मित्राच्या नातीविषयी सांगायचे तर, आम्ही चौघे तिच्या आईवडिलांना घेऊन पुन्हा त्या केंद्रात गेलो. तिच्या आईने ते नियम स्वतः म्हटले, स्वतः दहा छर्रे मारले आणि परतताना काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीचा अर्ज भरला गेला. ती आता मंगळवारी आणि शनिवारी जाते. तिच्या घरच्यांना ते परवडते.

गेल्या रविवारी आम्ही टेप घेऊन आमच्या प्रभागातल्या एका बंद शाळेत गेलो. चौकीदाराने सभागृह उघडून दिले. लांबी १७.२ मीटर, रुंदी ८.१ मीटर, तळमजला, पुढच्या भिंतीला एकही खिडकी नाही. बाजूच्या दोन खिडक्या बुजवाव्या लागतील आणि छताला एका कोपऱ्यात ओल आहे. मोजमापांसह आराखडा मी वर्गात काढायचो तसा प्रमाणात काढला असून निवेदनासोबत महापालिकेच्या क्रीडा विभागाला देत आहे. केंद्र सुरू झाल्यास नोंदवही ठेवणे, कार्डांचे गुण मोजणे आणि संध्याकाळी कुलूप लावणे ही कामे आम्ही चौघेही आठवड्याचे चार दिवस विनामोबदला करू.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
नागपूर